कंपोस्टचं दार

आमच्या गल्लीत पत्ता सांगायचा झाला तर आता कुणी मारुतीचं देऊळ सांगत नाही की पाण्याची टाकी सांगत नाही. "सीधं जावा, कंपोस्टचं दार लागतंय. तितून डाव्या हाताला," असं सांगतात. नवखा माणूस बिचारा नाकाला रुमाल लावायच्या तयारीनं येतो आणि थबकतो. समोर दोन खोल्यांचं, बाहेरून अजून गिलावाही न झालेलं घर, आणि त्या उघड्या विटांच्या मधोमध गर्द निळ्या, चिंतामणी रंगाचं एक दार. नांदी संपली आहे, पेटी थांबली आहे आणि आता कुणीतरी प्रवेश करणार आहे, असं ते दिसतं. मी उभी हयात रंगभूमीवर काढली. राजे केले, म्हातारे केले, एकदा ऐन वेळी नटी आजारी पडली म्हणून महाराणीही केली. पण असं दार मला कुठल्याच नाटकात मिळालं नाही.

ते दार रुद्राणीचं. आणि ते कंपोस्टचं नाही, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. तरी नाव पडलं, आणि तिनं ते पदर खोचून मिरवलं. का, ते सांगायचं तर आधी रुद्राणी सांगावी लागेल.

ही अहमदपूरकडची. लिंगायत शेतकरी घरातली थोरली लेक. आई लवकर गेली, तेव्हा धाकट्या भावाला, गुरुपादप्पाला, हिनंच कडेवर वाढवलं. मग लग्न होऊन नांदेडला आली. नवरा ट्रकवर होता. एकदा निजामाबादला माल घेऊन गेला. माल पोचला, पण माणूस परत आला नाही. पुढं कळलं की तिकडं त्यानं दुसरा संसार मांडलाय. माहेरहून निरोप आला, "ये, राहा चार दिस." चार दिवसच का, हे हिनं विचारलं नाही, तिला समजलं. तिनं वजिराबादेत एका कापड दुकानाच्या पायरीशी शिलाई मशीन टाकलं आणि साड्यांना फॉल-पिको करायला बसली. ती पायरी अजून तिचीच आहे. दुकानाचे मालक बदलले, पायरीची मालकीण बदलली नाही.

माझी ओळख तिथली. आमच्या नाटक मंडळीच्या कपडेपटातल्या साड्या तिच्याकडं जायच्या. साडी परत देताना ती शेरा मारल्याशिवाय देत नसे. "नाना, तुमची महाराणी खालून फाटलेली हाय. लोक वर मुकुटाकडं बघायलेत मनून चाललंय." आम्ही सगळे हसायचो आणि तिच्या पायरीवर चहा प्यायचो. मंडळी बंद पडली, पडदे विकले गेले, बरेच साथीदार गेले. पण वजिराबादेतून जाताना त्या पायरीवरून "नाना, वाकून चालू नगा, राजा व्हतात तुमी" अशी हाक यायची, आणि मी खरोखर ताठ व्हायचो.

तिचा एक नाद मला फार उशिरा कळला. ही बाई दारं बघायची. कुणाच्या घरी साडी पोचवायला गेली की आधी दार ढकलून बघायची, बिजागरी बघायची, कडी लावून बघायची. मला वाटायचं, कामाची सवय असेल, शिवण तपासतात तसं. एकदा मी थट्टेनं म्हणालो, "रुद्राणी, आमच्या नाटकातली दारं बघितली असतीस तर वेडी झाली असतीस. बांबूच्या चौकटीवर ताणलेलं कापड! नायकानं दार आपटलं की विंगेत बसलेला माणूस फळीवर फळी मारायचा. कंधारला तर नायकानं रागानं असं आपटलं की दारासकट भिंतच प्रेक्षकांवर गेली. लोकांनी वन्स मोअर दिला!"

ती हसली नाही. मशीनचा पाय थांबवून म्हणाली, "नाना, तुमच्या दाराला निदान आवाज तरी व्हता. माझं दार पावसाळ्यात लागतच नव्हतं."

मग तिनं सांगितलं. नांदेडात तिनं जितक्या भाड्याच्या खोल्या केल्या, त्या सगळ्यांची दारं हलक्या लाकडाची. आषाढ लागला की फुगायची. फुगलेलं दार चौकटीत बसत नाही, कडी कोयंड्यापर्यंत पोचत नाही. घरमालकाला सांगावं तर तो म्हणे, दिवाळीपर्यंत आपोआप वाळेल. सगळा पावसाळा ती दाराला आतून पाटा लावून, त्यावर वरवंटा ठेवून निजायची. एकट्या बाईचं दार लागत नाही, ही बातमी गल्लीत कशी पसरते हे मी लिहायला नको. "वरवंटा हलला की मी उठून बसायची," ती म्हणाली. "मांजर असायचं बहुतेक. बहुतेक."

त्या 'बहुतेक'नंतर मी कंधारचा किस्सा तिच्यासमोर पुन्हा कधी सांगितला नाही.

म्हणून जेव्हा तिनं तरोड्यात, माझ्या घरासमोरच, एक तुकडा जागा घेतली आणि दोन खोल्या उभ्या केल्या, तेव्हा तिच्या डोक्यात भिंती नव्हत्याच. दार होतं. बाकीचं घर त्या दारामागं उभं करायचं होतं, इतकंच.

काम रामकिशन मिस्त्रीकडं होतं. भला माणूस, हात साफ, तोंड मोकळं. त्यानं पहिल्याच दिवशी निकाल दिला, "मावशी, समोर सागवान, मागं लोखंडी, संडासाला फायबर. ही दुनियेची रीत हाय."

"दुनिया माझ्या खोलीत कवा झोपली व्हती?" रुद्राणी म्हणाली.

तिनं दार ठरवलेलं होतं. एका डॉक्टरीणबाईंच्या बंगल्यावर ती ऐन आषाढात साड्या द्यायला गेली होती. बाहेर धो धो पाऊस. बाईंनी साड्या घेतल्या आणि एका बोटानं दार ढकललं. ते अलगद जाऊन लागलं. रुद्राणी बाहेर ओट्यावर, डोक्यावर पोतं घेऊन, तशीच उभी राहिली आणि तिनं बेल वाजवली. बाईंनी दार उघडलं. "बाई, अजून एक डाव लावा," ही म्हणाली. बाईंनी लावलं. हिनं पुन्हा बेल वाजवली. तेव्हा त्या बाईंनी तिला आत घेऊन सांगितलं की हे कंपोझिट दार आहे; आत लाकडाचा सांगाडा आणि फोम, वरून फायबरची जाड कातडी; पाण्यानं फुगत नाही, वाळवी लागत नाही. रुद्राणीनं तो शब्द घरी येईपर्यंत तोंडात घोळवला.

दुकानात जायला तिनं मला बरोबर घेतलं. "दुकानदार बाईशी बोलत न्हाईत, नाना. शेजारच्या गड्याशी बोलत्यात. तुमी फकस्त हूं म्हणा." माझ्या आयुष्यातली ही सगळ्यात लहान भूमिका. मी तीही चोख केली.

दुकानाचे मालक दयानंदशेठ माझ्याकडं बघून बोलत राहिले आणि रुद्राणी उत्तरं देत राहिली.

"काका, कशाला ह्या भानगडीत पडता? समोरच्या दाराला लोक सागवानच नेतात."

"सागवान फुगतंय का?" रुद्राणी.

"पावसाळ्यात थोडं सगळंच फुगतं, काका."

"मग नगं."

"बरं, कंपोझिट पाहिजे तर हैदराबादेहून मागवू. पण त्यात लाकडाचे रेघोटे असलेलं घ्या. अगदी सागवान दिसतं. पाहुण्यांना पत्ताही लागत नाही."

"सागवान न्हाई ना ते?"

"नाही, पण दिसतं तसं."

"मग सोंग कामून? दार हाय ते, सोंगाड्या हाय का?" मग माझ्याकडं वळून हळूच, "तुमाला न्हाई म्हणले हं, नाना."

मी हूं म्हणालो.

दुकानात एक नमुन्याचं दार चौकटीत उभं केलेलं होतं. रुद्राणी पलीकडं गेली, दार लावून घेतलं आणि आतून ओरडली, "आता ढकला!" दयानंदशेठ माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणालो, "ढकला शेठ. बाईसाहेबांचा हुकूम आहे." आम्ही दोघांनी खांदा लावला. शेठ वजनानं चांगले भारदस्त. दार हललं नाही. "अजून!" आतून आवाज. दुकानातली दोन गिऱ्हाइकंही आमच्या मदतीला आली. चार बाप्ये एका दाराला झोंबताहेत आणि आत एक बाई उभी आहे. रस्त्यावरच्या माणसानं काय समजावं! दार उघडलं तेव्हा रुद्राणीचा चेहरा मी पाहिला. मोठी नटी पडद्यामागून टाळ्या ऐकते तेव्हा तसा चेहरा होतो.

"हेच द्या," ती म्हणाली.

रंगाची वेळ आली तेव्हा शेठनी रंगांची पुस्तिका काढली. त्यात नुसते आकडे. रुद्राणीनं पिशवीतून फॉलचा एक तुकडा काढला, रंगपट्टीवर फिरवत नेला आणि एका चौकोनावर ठेवला. "ह्यो. चिंतामणी." शेठनी शेवटी पहिल्यांदा तिच्याकडं बघून विचारलं, "ताई, समोरच्या दाराला हा रंग?" ती म्हणाली, "लांबून दिसला पायजे."

नाव बिघडवलं ते रामकिशननं. त्याची घरची शेती आहे. कंपोझिट शब्द त्याच्या कानात गेला आणि कंपोस्ट होऊन बाहेर आला. चहाच्या टपरीवर तो कळवळून म्हणाला, "मावशी समोर कंपोस्टचं दार लावून राहिली, बाप्पा!" टपरीवरून गल्लीत, गल्लीतून एसटी स्टँडवर, आणि एसटीनं थेट अहमदपूर. शेणखताचं दार म्हणे. संडासाचं फायबर ते समोर, आणि वर खताचं!

भावाचा फोन आला तेव्हा मी तिच्या पायरीवरच बसलो होतो. तिचे हात कामात होते, म्हणून फोन मोठ्या आवाजावर होता.

"आक्का, खरं हाय का? खताचं दार बसवायलीस म्हणे?"

"कोण म्हणलं?"

"आख्खं गाव हसायलंय. माझी काय इज्जत हाय का न्हाई?"

कुणीही शब्द दुरुस्त केला असता. रुद्राणीनं दोरा दातानं तोडला आणि म्हणाली, "हाव, कंपोस्टचंच हाय. सगळं कुजून गेल्यावर जे हातात ऱ्हातंय ना गुरू, त्याला कंपोस्ट म्हणत्यात. पीक त्याच्यावरच येतंय."

मग गुरुपादप्पा मऊ आवाजात म्हणाला, "उगं चिडू नगं. मी सागवान आणतो. मोर कोरलेलं. माझ्या आक्काच्या घराला माझं दार. आणि मग एखाद्या सोमवारी तेवढं तालुक्याला येऊन जा."

'तेवढं' म्हणजे काय, हे आमच्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. बाप गेला की सातबाऱ्यावर लेकांबरोबर लेकींचीही नावं चढतात, कायदा आहे. मग एखाद्या दिवशी बहिणीला तालुक्याला नेतात. तिथं ती हक्कसोडीच्या कागदावर सही करते. भाऊ तिला साडीचोळी करतो, सगळी हॉटेलात गोडधोड खातात, आणि बहीण माहेर राखल्याच्या आनंदात आपल्या घरी जाते. सही न करणाऱ्या बहिणीसाठी गावात एक शब्द आहे. तो मी लिहीत नाही. रुद्राणीचे वडील, रामलिंगअप्पा, गेल्यापासून गुरुपादप्पा त्या सहीची वाट पाहत होता. तो वाईट माणूस नव्हे. त्याच्या ओळखीच्या सगळ्या भावांना बहिणींनी हक्क सोडून दिला होता. आपलीच आक्का का अडून बसली, हे त्याला खरोखरच कळत नव्हतं.

"गुरू," रुद्राणी म्हणाली, "म्या जलमभर लोकाच्या साड्यांना फॉल लावला. हक्कसोडीच्या साड्या बी येत्यात माझ्याकडं. त्या मी न सांगता वळखते. बायका त्या एकदाच नेसत्यात, मग पेटीत ठिवत्यात. पुन्ना पिकोला कवा येत न्हाईत."

"म्हणून तर साडी न्हाई, दार आणायलोय," तो म्हणाला. फोन बंद झाला.

तिचं दार आलं तो दिवस ज्येष्ठातला. आभाळ भरून आलेलं, पण पाऊस नाही. हैदराबादेहून दोन कारागीर आले होते. त्यांनी घराच्या तोंडाशी फीत लावली, ओळंबा सोडला आणि एकमेकांकडं बघितलं. भिंतीतली जागा वरच्या अंगाला बोटभर आवळली होती. दार बसेना.

"त्यात काय!" रामकिशन पुढं झाला. "द्या हिकडं. रंधा मारतो."

"नक्को भाई!" कारागीर दारापुढं आडवा झाला. "इसकू काटे तो खतम. पानी अंदर जाता. पूरा दरवाजा खराब होता."

रामकिशनला हे पटेचना. दार मोठं करायचं आणि घराला बसेपर्यंत छिलायचं, ही त्याची रीत, त्याच्या बापाची रीत. छिलल्याशिवाय बसणारं दार त्यानं आयुष्यात पाहिलं नव्हतं.

रुद्राणीनं विचारलं, "मंजे दार छिलायचंच न्हाई?"

"नक्को अम्मा."

"मग भिंत तोडा."

"मावशी!" रामकिशन ओरडला. "दारासाठी भिंत? भिंत नवी हाय!"

"दार बी नवंच हाय. वाकडं कोण हाय, ते सांग. भिंत का दार?"

"भिंत. पण…"

"पण काय? वाकडं एक, छिलायचं दुसऱ्याला? लई झालं ते."

आणि ह्या प्रवेशात, मंडळी, नेमक्या ह्या वेळी, गल्लीच्या तोंडाशी टेम्पो वाजला. नाटककारानं असं लिहिलं असतं तर मी त्याला म्हटलं असतं, बाबा, जरा दमानं. पण आयुष्याला तालमीची गरज नसते. टेम्पोत गुरुपादप्पा, आणि मागं गोधड्यांत गुंडाळून, दोरानं बांधून आणलेलं सागवानी दार.

घर तर दाराशिवाय उघडं, आ वासून उभं. एका बाजूला भिंतीला टेकलेलं चिंतामणी दार. दुसऱ्या बाजूला गुरुपादप्पानं गोधडी बाजूला केली. मोर खरंच सुरेख होता. पिसारा असा कोरलेला की हात लावावासा वाटावा. रुद्राणीनं हात लावला. बोट पिसाऱ्यावरून फिरलं, चोचीपाशी थांबलं. गल्लीतल्या बायका ओट्यांवर आल्या होत्या. मला वाटलं, झालं. आता ही विरघळली. मी तिच्या जागी असतो तर विरघळलो असतो. मला कुणी नुसती शाल घातली तरी डोळ्यांत पाणी येतं.

"लई छान हाय, गुरू," ती म्हणाली.

"मग उतरवू?"

"उतरव. पर एक सांग. हे दार असंच देतूस, का सहीवर देतूस?"

तो दाराच्या दोराची गाठ चाचपायला लागला.

"असंच देत असशील तर आत्ता उतरव. मधल्या खोलीला लावते. येताजाता तुझं नाव घेईन."

गुरुपादप्पानं खिशातला रुमाल काढून मान पुसली. "आक्का, रीत हाय ती. सगळ्यांच्या बहिणी करत्यात. मी काय जगाच्या भायेर मागून राहिलो का?"

"न्हाई. जगाच्या आतलंच मागायलास. म्हणून तर कुणाला दिसत न्हाई."

"तुला काय करायची हाय जमीन? लेकरू न्हाई, बाळ न्हाई."

रामकिशननं हातातली थापी खाली ठेवली. रुद्राणी मात्र जागची हलली नाही.

"लेकरू व्हतं की," ती म्हणाली. "तुला वाढवलं न्हाई का म्या? त्याची बी सही मागू का तुझ्याकडं?"

आता तो चिडला. अपमान झालेल्या माणसाच्या तोंडी नेहमी तयार वाक्य येतं, तेच आलं. "ठीक हाय! आजपासनं माहेरचं दार तुला बंद! पंचमीला कुणी न्यायला येणार न्हाई, ध्यानात ठिव!"

"ठिवते. तू बी एक ध्यानात ठिव. ते दार आप्पानं बसवलंय. तुझ्या एकट्यासाठी न्हाई बसवलं."

टेम्पोवाल्याला गल्लीत वळायला जागा नव्हती. त्याला मागं मागं जावं लागलं. मोर आमच्याकडं तोंड करून बराच वेळ दिसत राहिला. गुरुपादप्पानं चहासुद्धा घेतला नाही. मला वाईट वाटलं. मी दोन पावलं त्याच्यामागं गेलोही. पण रुद्राणी म्हणाली, "नाना, जाऊ द्या त्याला. आता अडवलं तर त्याला वाटंल, म्या सही करणार."

मग ती रामकिशनकडं वळली. "हातोडा कुटं हाय?"

"मावशी, मी तोडतो की."

"पयला घाव माझा."

तिनं छिन्नी धरली आणि मारला घाव. विटेचा टवका उडाला. रामकिशननं पुढचं काम केलं, पण पहिला टवका तिनं पदराला बांधून ठेवला, एखाद्या बक्षिसासारखा. चौकट उभी राहिली तेव्हा रामकिशन कानाशी येऊन म्हणाला, "चौकटीची पूजा, मावशी? जोडपं बोलवावं लागतंय. कुणाला सांगू?" रुद्राणीनं आपल्या कपाळावरची विभूती दोन बोटांवर घेतली, चौकटीला लावली आणि म्हणाली, "झाली. दार बसवा."

संध्याकाळपर्यंत दार बसलं. तिनं ते एका बोटानं लावलं. आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. आम्ही सगळे रस्त्यावर उभे. शेवटी मी हाक मारली, "रुद्राणी, आम्ही जाऊ का?" आतून आवाज आला, "थांबा की. जरा आत बसून बघायले मी."

पावसाळा सुरू झाला. दार फुगलं नाही. मी पहिल्या झडीत मुद्दाम जाऊन बघितलं, कारण माझ्या घराचं दार त्या दिवशी लागत नव्हतं.

श्रावण आला. नागपंचमीच्या आधी आमच्याकडं भाऊ बहिणींना न्यायला येतात, माहेरच्या झाडाला झोके बांधतात. गल्लीतल्या सुना एकेक करून माहेरी गेल्या. रुद्राणी मशीनवर बसून होती. आदल्या दिवशी मी तिच्याकडं लाह्या घेऊन गेलो. म्हटलं, यंदा पंचमी आपण इथंच करू. बघतो तर ती पिशवी भरत होती. पिशवीत नवा दोर.

"कुठं निघालीस?"

"गावाला."

"अगं, पण त्यानं दार बंद केलंय ना?"

"घराचं केलंय. शेताला कुटं दार असतंय, नाना?"

मीही निघालो. सकाळच्या एसटीनं अहमदपूर, तिथून जीपनं तिच्या गावापर्यंत. तिनं गावात पाय ठेवला नाही. बांधाबांधानं थेट शेतात गेली. सोयाबीन मांडीपर्यंत आलेलं. मधे एक चिंच. चिंचेची फांदी तिनं ओळखीच्या माणसासारखी बघितली आणि दोर मला दिला. ह्या वयात मला झाडावर चढता येईना; बांधावरून जाणाऱ्या एका गड्यानं दोर बांधून दिला. बातमी त्याच्याबरोबरच गावात गेली असणार.

रुद्राणी झोक्यावर बसली. साठीला टेकलेली बाई. पाय जमिनीला लावून हळूहळू हलायला लागली. तेवढ्यात गावाकडून गुरुपादप्पा येताना दिसला, भरभर, हातात काही नाही. त्याच्यामागं काही अंतरावर त्याची बायको साखराबाई, हातात झाकलेलं ताट.

"आक्का, खाली उतर!" तो दुरूनच ओरडला. "लोक बघायलेत!"

"बघू दे. माझ्या वाट्यातल्या झाडाला माझा झोका."

"कुटं वाटा झालाय आजून?"

"तेच सांगाय आलेय. सोमवारी तालुक्याला ये. तुला पायजे ती सही न्हाई, वाटणीची. तितं तुझी बी लागते, माझी बी लागते. दोघं मिळून करू."

गुरुपादप्पानं माझ्याकडं बघितलं, झाडाकडं बघितलं. मी त्याला मदत म्हणून मान डोलावली, पण ती त्याला उपयोगी पडली नाही.

साखराबाईनं ताट बांधावर ठेवलं. पंचमीच्या पुरणाच्या दिंडांचा वास आला. तिनं नवऱ्याकडं बघितलं नाही. पदर कमरेला खोचला, रुद्राणीच्या मागं जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आक्का, दोर घट्ट धरा."

"साखरा, तू कामून…" गुरुपादप्पा म्हणाला.

"माझ्या माहेरी बी चिंच व्हती," साखराबाई म्हणाली. "म्या सही करून आले." आणि तिनं असा जोराचा झोका दिला की रुद्राणीचे पाय सोयाबीनच्या वर गेले, आणि ती ओरडली, "अजून!"